बाळंतिणीचं खाणं आणि मूड: या चुका टाळा

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाजरीची भाकरी, सव्वा महिना सगळा थाट असतो आणि तरी ती रडतेच, मग घरचे म्हणतात "एवढं करतोय तरी हिचं तोंड वाकडंच". पहिली चूक इथे होते. डिलिव्हरीनंतर दोन-तीन दिवसांनी रडू येणं, चिडचिड होणं हे बहुतेकींना होतं, हार्मोन्स एकदम खाली येतात ना, आणि दोनेक आठवड्यांत ते आपसूक जातं. पण त्यानंतरही बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, भूक मेलीये, बाळाला घ्यावंसंच वाटत नाही, तर ते डिप्रेशन असू शकतं. ही नाटकं नाहीत, बाहेरची बाधाही नाही. आणि कितीही तूप घाला, ते लाडवांनी बरं होत नाही, डॉक्टरला दाखवावंच लागतं.

याच्या उलटी चूक म्हणजे सगळं मनाचंच समजून रक्त तपासायचंच नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना अॅनिमिया, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन कमी, निघाला होता, त्यात बाळंतपणात रक्त गेलेलं, मग थकवा, चक्कर, चिडचिड येणारच की! थायरॉइडही बाळंतपणानंतरच्या वर्षात बिघडू शकतो, शाकाहारी असाल तर व्हिटॅमिन बी12 कमी असण्याची शक्यता जास्त. म्हणून सीबीसी (हिमोग्लोबिन कळतं ती रक्ततपासणी), टीएसएच (थायरॉइडची), बी12 करायला सांगताहेत का ते डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

आता लोहाच्या गोळ्या. सरकारी दवाखान्यात बाळंतपणानंतर 180 दिवसांच्या मिळतात, पण घेतात कशा? सकाळच्या चहाबरोबर, आणि वर लगेच कॅल्शियमची! चहाने लोह अंगी लागत नाही, कॅल्शियमनेही तेच, त्यामुळे लोहाची गोळी या दोन्हींपासून निदान दोन तास लांब ठेवा, लिंबू पाण्याबरोबर घेतली तर उत्तम. शी काळी झाली म्हणून घाबरून बंद करू नका, ते होतंच.

"पाणी कमी पी, पोट सुटेल", "फळं नको, बाळाला सर्दी होईल" हे सोडून द्या. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज साधारण 600 कॅलरी जास्त लागतात आणि काहीजणी तेव्हाच डाएट सुरू करतात, कशाला?

आणि खरी गंमत म्हणजे ताट वाढलेलं असतं पण बाळ रडतं, ती उठते, भाकरी गार होते, ताट तसंच परत जातं. तिचं जेवण होईपर्यंत बाळाला नवऱ्याने किंवा सासूबाईंनी घ्यावं, रात्रीचं एखादं लंगोट बदलणंही.

"डिप्रेशनच्या गोळ्या घेतल्या तर दूध तोडावं लागेल" ही भीतीही बहुतेकवेळा फुकटची, सर्ट्रालीनसारखी औषधं पाजत असतानाही देतात, फक्त डॉक्टरांना पाजतेय हे सांगा आणि मनाने बंद करू नका.

भास होतायत, झोप न घेता असंबद्ध बडबड चालूये, स्वतःला किंवा बाळाला काही करायचे विचार येतायत, तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, सकाळची वाट बघू नका. नुसतं बोलायचं असेल तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर 14416, फुकट आहे, 24 तास चालू, मराठीतही बोलतात.