डेस्कची भाषा आणि कथेची भाषा

लोअर परळला एका मराठी न्यूज साइटच्या डेस्कवर मी काम करते, राहायला डोंबिवलीत आहे, आणि कथा लिहिते. डेस्कवर नवीन आलेली मुलं विचारतात, "ताई, वेळ कसा काढता?" वेळ काढता येतो. दिवसभर बातम्या लावून हाताला जे वळण पडतं, ते उतरवणं जास्त कठीण. म्हणून वेळेचं आधी आटपते.

शक्य असेल तर सकाळची शिफ्ट मागून घ्या. बहुतेकांना ती नकोच असते, त्यामुळे मिळते. पहाटेची लोकल पकडावी लागते खरी, पण दुपारी सुटका झाली की करी रोडहून कल्याणकडे जाणाऱ्या स्लो गाडीत लेडीज डब्यात खिडकीसुद्धा मिळते, आणि डोंबिवलीपर्यंतचा सगळा वेळ आपला. मी मोबाइलवरच टाइप करते. संध्याकाळी सातला त्याच डब्यात पर्समधून फोन काढायला हात हलत नाही. म्हणून 'प्रवासात लिहा' हा सल्ला आपली शिफ्ट बघूनच घ्यावा. नाइट असेल त्या आठवड्यात लिहू नका, फक्त वाचा. मतमोजणी, अतिवृष्टी, दहावी-बारावीचे निकाल हे दिवस आधीच लिखाणातून वजा करून टाका. मग त्यांची रुखरुख लागत नाही.

आता भाषेचं. बातमीत पहिल्या दोन ओळींत सगळं सांगून टाकायचं असतं, कारण वाचक मोबाइलवर आहे आणि अंगठा खाली सरकतोच आहे. कथेत हीच सवय घात करते. काळाचौकीतल्या एखाद्या चाळीचा पुनर्विकास होतोय असं धरा. आपला हात आपोआप लिहितो, 'तीन पिढ्यांपासून चाळीत राहणाऱ्या वृद्धेने घर रिकामं करायला नकार दिल्याने रहिवाशांमध्ये तणाव निर्माण झाला.' पुढे लिहायला उरलं काय? तीच कथा अशी सुरू करून पाहा: 'सगळ्यांचं सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा म्हातारीने पितळेचे डबे घासायला काढले.' तिचा नकार वाचकाला आपणहून कळू दे, आणि तोही थोडा उशिरा.

यावर माझा एक कायमचा उपाय आहे. पहिला खर्डा झाला की पहिला परिच्छेद कापून वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचा आणि दुसऱ्यापासून वाचायचं. बहुतेक वेळा कथा दुसऱ्यापासूनच सुरू झालेली असते. मग फाइलमध्ये 'खळबळ', 'धक्कादायक', 'नेमकं काय घडलं', 'दरम्यान' हे शब्द सर्च करायचे. 'दरम्यान' तर हमखास सापडतो. डेस्कवर दोन परिच्छेद जोडायला तो सतत लागतो. आणि दोन-दोन ओळींचे परिच्छेद दिसले की ते जोडा. मोबाइलसाठी वाक्यं तोडून तोडून आपला श्वासच आखूड झालेला असतो. लांब वाक्य परत जमावं म्हणून मी जुनं मराठी गद्य मोठ्याने वाचते, स्वयंपाकघरात, कुकर होईपर्यंत.

एवढं सांगूनही नोकरी सोडा असं मी कुणाला म्हणणार नाही. डेस्कवरून दिसतं ते घरी बसून दिसत नाही. फक्त बातमीत जे बसलं नाही त्याची वही ठेवा. मुसळधार पावसात लाइव्ह ब्लॉग चालवताना दादरजवळच्या हिंदमाता भागात साचलेल्या पाण्याचे फोटो येतात. बातमीला हवं असतं ते ठरलेलं: किती मिलिमीटर पाऊस, कुठली वाहतूक वळवली, लोकल किती उशिराने. अशाच एका फोटोत कपड्यांच्या दुकानासमोर साडी नेसवलेला पुतळा गुडघाभर पाण्यात उभा होता आणि त्याच्या निऱ्या कुणीतरी नीट वर खोचल्या होत्या. फोटो बातमीला लावला, कॅप्शनमध्ये पाणी किती साचलं ते लिहिलं, आणि निऱ्या वहीत गेल्या. दुकान बुडत असताना पुतळ्याच्या साडीची काळजी घेणारा हात कुणाचा, यावर मी अजून विचार करते आहे.

वहीतली नोंद लगेच कथेत ओतू नका, एखादा पावसाळा मध्ये जाऊ दे. आणि रिपोर्टरला कुणी विश्वासाने सांगितलेलं, विशेषतः पीडितांच्या घरचं, कथेत घ्यायचं नाही. नाव-गाव बदललं तरी त्या घरातली माणसं ओळखतात. याबाबतीत मी कुणाशी वाद घालत नाही.

कागदपत्रांकडे बहुतेकजण बघत नाहीत, तेव्हा तेही सांगते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७प्रमाणे, वेगळा करार नसेल तर वृत्तपत्राच्या किंवा नियतकालिकाच्या नोकरीचा भाग म्हणून छापण्यासाठी लिहिलेल्या मजकुराचा तशा प्रकाशनापुरता पहिला हक्क मालकाचा असतो, बाकी बाबतीत लेखकाचा. घरी, आपल्या वेळात लिहिलेली कथा यात येत नाही. मात्र 'वेगळा करार' म्हणजे तुमचं नेमणूकपत्रच असू शकतं. 'अन्यत्र लेखनास पूर्वपरवानगी आवश्यक' असं कलम त्यात आहे का ते बघा. असेल तर ईमेलने परवानगी मागा. संपादक तोंडी 'हो, लिही की' म्हणाले तरी ईमेल करा. आणि कथा ऑफिसच्या लॅपटॉपवर लिहू नका.

शेवटचं, दिवाळी अंक. १९०९मध्ये 'मनोरंजन' मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला, आणि आजही मराठी कथेला सगळ्यात मोठं दार तेच आहे. डेस्कवाल्यांची पंचाईत अशी की गणपती, नवरात्र, दसरा मेळावा, दिवाळी या काळात आपल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. म्हणून खर्डा मार्च-एप्रिलमध्ये, निकालांच्या आधी पूर्ण करा. मग फाइल बंद ठेवा. जूनमध्ये एखाद्या सुट्टीच्या दिवशी दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन प्रिंटआउटवर पेनने दुरुस्त्या करा. संस्था १८९८ची आहे आणि तिथे बसून पुस्तकं चाळताना नोटिफिकेशनची आठवण होत नाही. जुलैत कथा युनिकोडमध्ये पाठवा, पीडीएफ सोबत जोडा, आणि एका वेळी एकाच अंकाला. उत्तर आलं नाही तर महिन्याने एक साधी ओळ लिहून विचारा. नकार आला तर लगेच दुसरीकडे पाठवा. मात्र गणपतीनंतर पाठवलेल्या कथेला त्या वर्षी जागा मिळणं अवघडच असतं.