बर्गर पास्त्याचं दूध फाटलं तेव्हा

पोरांना बर्गरच्या चवीचा पास्ता हवा होता. खिमा परतला, दूध ओतलं आणि ऐन उकळीत केचप, वर व्हिनेगरचा शिपका. झालं, कढईत पांढऱ्या गुठळ्या आणि पिवळं पाणी! सासूबाई म्हणाल्या, "अगं, उकळत्या दुधात आंबट घालतात का?"

खिमा चाळणीत निथळून घेतला, केचप त्यातच कोरडं परतलं. दुसऱ्या कढईत 2 चमचे लोण्यावर 2 चमचे मैदा भाजून अर्धा लिटर दूध थोडं थोडं घातलं. मैद्याच्या स्टार्चमुळे दूध सहज फाटत नाही. गॅस बंद केल्यावरच किसलेलं चीज. उकळत्यात घातलं की तेल सुटतं. घट्ट वाटलं म्हणून पास्ता उकडलेलं वाटीभर पाणी. व्हिनेगरातली काकडी शेवटी, वरून.

सासऱ्यांनी मात्र त्यावर शेंगाचटणी भुरभुरली. सोलापूरकर, दुसरं काय! पण लागली झकास.