अनुदानाच्या भरवशावर आधीच मशीन घेऊ नका: खान्देशातल्या उद्योजक बहिणींनी या चुका टाळा

"अनुदान कव्हय भेटी?" म्हणजे अनुदान कधी मिळेल? बिबडे-पापड, केळीचे वेफर्स, मिरची कांडप करणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक बहिणींचा पहिला प्रश्न हाच असतो. पण आधी बघायचं ते कर्ज मंजूर होईल का. केंद्राचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम म्हणजे पीएमईजीपी असो, राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम असो की सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजना म्हणजे पीएमएफएमई, तिन्हींत वैयक्तिक उद्योगाचं अनुदान बँकेच्या कर्जाला जोडलेलं आहे. कर्ज नाही तर अनुदानही नाही.

हिशेब मांडून पाहा. खेड्यातल्या महिलेनं पीएमईजीपीतून ४ लाखांचा प्रकल्प दाखवला, तर स्वतःचे ५ टक्के, म्हणजे २० हजार घालायचे. उरलेले ३ लाख ८० हजार बँक देते. अनुदान ३५ टक्के, म्हणजे १ लाख ४० हजार (शहरात २५ टक्के). ही रक्कम हातात पडत नाही. ती ३ वर्षं बँकेत ठेव म्हणून राहते, तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही, आणि धंदा चालू असल्याची पाहणी झाली की कर्जखात्यात वळती होते. युनिट बंद पडलं तर हातची जाते. म्हणून सुरुवातीचे हप्ते झेपतील का, हे अर्जाआधीच घरात बसून ठरवा. उसनवारी करून आधीच रोखीनं मशीन उचलणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कर्जाबाहेर घेतलेल्या त्या मशीनवर नंतर अनुदान मागता येत नाही.

चुकीच्या योजनेत अर्ज

पीएमईजीपीचं पहिलं कर्ज नव्या उद्योगालाच मिळतं. बिबड्यांचा धंदा आधीपासून चालू असेल, तर पीएमएफएमई बघा. तिथे जुना उद्योग वाढवायलाही ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे; स्वतःचा वाटा किमान १० टक्के. मात्र ही योजना फक्त खाद्यपदार्थांसाठी. शिलाई किंवा पार्लरसाठी तिथे अर्ज करून वेळ घालवू नका.

दुसऱ्याचा प्रकल्प अहवाल

यात सर्वांत जास्त अर्ज अडकतात, आणि मला याचंच जास्त वाईट वाटतं, कारण धंदा खरा असतो, कागद खोटा पडतो. बिबडे, कुरडया उन्हाळ्यात होतात. विकत आणलेल्या अहवालात मात्र बाराही महिने सारखंच उत्पादन लिहिलेलं असतं. बँकेचे साहेब ऐन श्रावणात पाहणीला आले, तर वाळवण कुठे दाखवणार? त्यापेक्षा सरळ लिहा: चार महिने उत्पादन, पुढे साठवण, पॅकिंग आणि विक्री. किंवा ड्रायर घेणार असाल तर तो प्रकल्पातच धरा.

मिरची कांडपाचं तसंच. कोटेशन थ्री फेजच्या मोटरचं आणि घरी जोडणी सिंगल फेजची, अशी गाठ नंदुरबारकडच्या खेड्यांत सहज पडते. नव्या जोडणीचा खर्च आणि त्याला लागणारा वेळ आधी विचारून घ्या, मगच मशीन ठरवा.

कागद

आधारवर सासरचं नाव आणि पॅनवर माहेरचं असेल तर अर्जाआधी दुरुस्त करा. जागा सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र किंवा भाडेकरार आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घर-जागेच्या कर आकारणीचा उतारा) जवळ ठेवा. कोटेशन जीएसटी क्रमांक असलेल्या दुकानाचंच घ्या.

एजंटला पैसे

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर मोफत होते. पीएमएफएमईसाठी जिल्हा संसाधन व्यक्ती अहवाल आणि अर्जाला मदत करते; तिचं मानधन सरकार देतं, तुम्ही द्यायचं नाही. तालुका कृषी कार्यालयात त्यांचा नंबर मागा.

अर्ज परत आलाच तर

"साहेब नाही म्हणाले" एवढ्यावर घरी येऊ नका. कारण लेखी मागा. बरेचदा मूळ सिबिलमध्ये, म्हणजे आपल्या जुन्या कर्जफेडीच्या नोंदीत निघतं: मायक्रोफायनान्सचा थकलेला हप्ता, किंवा आपण जामीन राहिलेलं नातेवाइकाचं कर्ज. थकबाकी भरून नोड्यूज (बाकी नसल्याचा दाखला) घ्या, सिबिलवर नोंद सुधारली का ते तपासा आणि पुन्हा अर्ज करा. कारण न देताच बँक अर्ज दाबून ठेवत असेल, तर जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकांकडे आणि जिल्हा उद्योग केंद्राकडे अर्ज क्रमांकासह लेखी तक्रार द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.