अमेरिकेतल्या छोट्या गावाची वांशिक आकडेवारी कशी काढावी

सुरुवात २०२० च्या दशवार्षिक जनगणनेपासून करा. ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’ ही नमुना पाहणी आहे. ६५ हजारांहून कमी वस्ती असेल, तर तिचे पाच वर्षांचे एकत्रित आकडेच वापरावे लागतात आणि ‘४० आशियाई, अधिक-उणे ३५’ अशा ओळी भेटतात. त्यांवरून काहीही ठरवू नका.

सेन्सस ब्युरोच्या (जनगणना करणाऱ्या सरकारी खात्याच्या) डेटा संकेतस्थळावर मतदारसंघ-फेररचनेची ‘पीएल ९४-१७१’ फाइल निवडा, मग गाव शोधा. न्यू इंग्लंड (ईशान्येकडची सहा राज्यं) आणि न्यूयॉर्क राज्यातलं टाउन ‘प्लेस’ (गाव-शहर) या यादीत नव्हे, ‘काउंटी सबडिव्हिजन’ (काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे भाग) या यादीत असतं. न्यूयॉर्कमध्ये टाउन आणि त्याच्या आतलं व्हिलेज यांचं नाव बरेचदा एकच असतं. लोकसंख्या पाहून खात्री करा.

तक्ता पी२ घ्या, पी१ नको. जनगणनेत हिस्पॅनिक असणं (म्हणजे मुळं स्पॅनिशभाषक देशांत असणं) हा वंश नाही, तो वेगळा प्रश्न आहे. म्हणून पी१ मधल्या वंशांत हिस्पॅनिक मिळवले की बेरीज शंभर टक्क्यांच्या वर जाते. पी२ मध्ये हिस्पॅनिक एका ओळीत येतात आणि बाकीचे सात गटांत: गोरे, कृष्णवर्णीय, मूळ अमेरिकी, आशियाई, पॅसिफिक बेटांवरचे, अन्य आणि बहुवंशीय. भारतीय ‘आशियाई’मध्ये मोजले जातात.

आता तक्ता पी५ उघडा; तुरुंग, वसतिगृहं अशा सामूहिक निवासांत किती माणसं मोजली, ते त्यात असतं. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि छोट्या गावाचं चित्र नेमकं इथेच बिघडतं. कैदी तुरुंगाच्या पत्त्यावर मोजले जातात, वसतिगृहातले विद्यार्थी कॉलेजच्या गावात. समजा, ३,००० वस्तीच्या गावात ९०० कैदी आहेत: ४०० कृष्णवर्णीय, ३०० गोरे, २०० हिस्पॅनिक. तुरुंगाबाहेर २,००० गोरे आणि १०० हिस्पॅनिक. विविधता निर्देशांक काढायला प्रत्येक गटाच्या हिश्श्याचा वर्ग करा, वर्गांची बेरीज १ मधून वजा करा. कैद्यांसकट उत्तर ०.३८ येतं, त्यांना वगळून जेमतेम ०.०९. यादृच्छिक निवडलेले दोन रहिवासी वेगवेगळ्या गटांतले असण्याची ही शक्यता आहे. रस्त्यावर, शाळेत दिसणारं गाव दुसऱ्या आकड्यातलं. दोन्ही आकडे द्या.

पी५ मध्ये कैद्यांचा वंश नसतो. त्यासाठी नकाशावर तुरुंगाचा सेन्सस ब्लॉक (जनगणनेचा सर्वांत छोटा भूभाग) शोधा आणि त्याचे पी२ चे आकडे गावाच्या आकड्यांतून वजा करा. २०२० मध्ये गोपनीयतेसाठी आकडे मुद्दाम थोडे हलवलेले आहेत. शेकडो माणसांच्या ब्लॉकमध्ये त्याचा फरक किरकोळ असतो, पण दहा-वीस वस्तीच्या ब्लॉकवर विसंबू नका.

२०१० शी तुलना करताना ‘बहुवंशीय’ ओळीकडे नीट बघा. देशभरात हा गट ९० लाखांवरून ३ कोटी ३८ लाखांवर गेला. प्रश्नाची मांडणी आणि लेखी उत्तरांची नोंद घेण्याची पद्धत बदलल्याचा यात मोठा वाटा आहे. गावात गोरे कमी आणि बहुवंशीय जास्त दिसले, तर नवी माणसं आली असं लिहिण्याआधी एकूण लोकसंख्या खरंच वाढली का, ते पाहा.