ऐन आंब्याच्या सीझनला कॉम्प्युटरवर हात भराभर कसा चालवावा

एप्रिल उजाडला की देवगड-रत्नागिरीकडच्या बागायतदारांच्या घरातला डेस्कटॉप दिवसभर चालू असतो. व्हॉट्सॲपवर पेटीची ऑर्डर येते, ती एक्सेलमध्ये चढवायची, मग कुरियरच्या फॉर्ममध्ये तोच पत्ता पुन्हा भरायचा. मे महिन्यात मालवण-तारकर्लीच्या होमस्टेवाल्यांचंही हेच. कॉम्प्युटर हळू चालतो ही तक्रार सगळ्यांची, पण वेळ खरा जातो तो एकच मजकूर इकडून तिकडे नेण्यात. शॉर्टकटची लांबलचक यादी भिंतीला चिकटवून कुणाचं काम वेगाने झालेलं नाही. जे काम दिवसभर पुन्हा पुन्हा येतं, त्याचीच बटणं आधी बोटांना लावून घ्या. खालची माहिती विंडोज १० आणि ११ या दोन्हींसाठी आहे.

पत्ता एकदाच उचला

दोन खिडक्या शेजारी-शेजारी लावण्यापासून सुरुवात करा. व्हॉट्सॲपची खिडकी समोर असताना विंडोजचं बटण धरून डावा बाण दाबा, ती अर्ध्या पडद्यावर बसेल. कुरियरचा फॉर्म उजव्या बाणाने दुसऱ्या अर्ध्यात. इथे बहुतेकांचं अडतं, कारण दोन्ही एकाच ब्राउझरमध्ये टॅब म्हणून उघडलेले असतात आणि बाण दाबला की दोन्ही एकत्रच सरकतात. फॉर्मचा टॅब माऊसने धरून खाली ओढा, त्याची वेगळी खिडकी होते.

आता विंडोज आणि व्ही एकत्र दाबा. पहिल्यांदा ‘टर्न ऑन’ असं विचारेल, ते चालू करा. ही सोय २०१८च्या शेवटी आली, तरी अजून कित्येकांना ठाऊक नाही. यापुढे कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी कॉम्प्युटर धरून ठेवतो. म्हणजे ऑर्डरमधून नाव, पत्ता, पिनकोड, मोबाइल असं चार वेळा कंट्रोल-सी करत जा, मध्ये पेस्टची घाई नको. मग फॉर्मच्या पहिल्या रकान्यात विंडोज-व्ही दाबून हवं ते निवडा, टॅबने पुढच्या रकान्यात जा, पुन्हा तेच. एरवी प्रत्येक रकान्यासाठी होणारी ये-जा वाचते. शेवटी कॉपी केलेलं सगळ्यात वर दिसतं.

रोज लागणारा मजकूर, म्हणजे या आठवड्याचा डझनाचा भाव, बँकेचा तपशील, घराकडे येण्याचा रस्ता, याच यादीत ‘पिन’ करून ठेवा. पिन केलेलं मशीन रीस्टार्ट केलं तरी राहतं, बाकीचं पुसलं जातं. मात्र तुमचा कॉम्प्युटर गिऱ्हाइकांचे अर्ज भरायला वापरला जात असेल, तर ही सोय बंदच ठेवलेली बरी. कुणाचा आधार नंबर, कुणाचा पासवर्ड त्या यादीत पडून राहतो आणि पुढचा माणूस तीच दोन बटणं दाबून बघू शकतो.

एक्सेलमधले तीन घोळ

पत्ता पेस्ट केला की तो चार ओळींत पसरतो आणि खालच्या नोंदीवर चढतो. उपाय सोपा आहे: आधी त्या चौकटीवर एफ-२ दाबा आणि मग पेस्ट करा, अख्खा पत्ता एकाच चौकटीत राहतो.

९१ जोडलेला मोबाइल नंबर किंवा आधार नंबर टाकला की तिथे दशांश चिन्ह आणि इंग्रजी ई असलेलं भलतंच काहीतरी दिसतं. १२ आकडी नंबराला एक्सेल रक्कम समजतो, म्हणून असं होतं. भरायला सुरुवात करण्यापूर्वी तो अख्खा रकाना निवडा, कंट्रोल-१ दाबा आणि ‘टेक्स्ट’ निवडा. १५पेक्षा जास्त आकडे असतील तर ही काळजी घ्यायलाच हवी, कारण तिथे पुढचे आकडे शून्य होतात आणि मागाहून फॉरमॅट बदलून ते परत येत नाहीत.

तिसरा घोळ तारखेचा. ‘टुडे’चं सूत्र टाकलेली ऑर्डर उद्या उघडली की उद्याचीच तारीख दाखवते. त्याऐवजी कंट्रोल आणि अर्धविरामाचं बटण दाबा, आजची तारीख कायमची बसते. मराठी कीबोर्ड चालू असेल तर हे बटण दाद देत नाही. विंडोज-स्पेस दाबून इंग्रजीवर या. बेरजेला ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह.

मधेच आपोआप मराठी उमटायला लागलं तर बिघाड समजू नका, चुकून डावा ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले गेलेले असतात. इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी अक्षरांची ठरावीक मांडणी असलेला कीबोर्ड, जमत नसेल त्यांनी सेटिंग्जमध्ये मराठीखाली फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप करून मराठी लिहिता येणारा, कीबोर्ड जोडावा, २०१९पासून तो विंडोजमध्येच आहे.

खोल्यांच्या फोटोंना नावं देताना सगळे एकदम निवडून एफ-२ दाबा आणि एकच नाव लिहा, पुढचे क्रमांक आपोआप पडतात. चुकलं तर कंट्रोल-झेड. बंद झालेला टॅब कंट्रोल-शिफ्ट-टीने परत येतो.

लाईट गेली तर

जून लागला की वर दिलेलं सगळं एका झटक्यात वाया जाऊ शकतं. वर्ड आणि एक्सेल चालू कामाची प्रत मूळच्या सेटिंगनुसार दर १० मिनिटांनी ठेवतात. फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे जाऊन ते २ मिनिटं करा. पण एकदाही सेव्ह न केलेल्या फाइलचा भरवसा धरू नका, नवी फाइल उघडल्याबरोबर नाव देऊन ठेवा.

यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर कॉम्प्युटर थोडा वेळ चालू ठेवणारा बॅटरीचा डबा, असेल तर आणखी एक गोष्ट करा. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘पॉवर बटण दाबल्यावर काय करायचं’ हे ठरवता येतं, तिथे ‘हायबरनेट’ निवडा. लाईट गेली की कॅबिनेटवरचं बटण एकदाच दाबायचं. उघडं असलेलं सगळं काम डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद होतं आणि वीज आल्यावर जिथे होतं तिथून सुरू होतं. ‘स्लीप’ने हे साधेलच असं नाही, त्यात काम मेमरीत असतं आणि मेमरीला वीज लागते. बटण चार-पाच सेकंद दाबून धरलंत तर मात्र मशीन धाडकन बंद पडेल.

यूपीएसच्या बॅटरीवाल्या सॉकेटला सीपीयू, मॉनिटर आणि इंटरनेटचा राउटर एवढंच लावा. लेझर प्रिंटर तिथे नको. तो तापताना एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएसच बंद पडतो.