मुरूडजवळचा समुद्रातला जंजिरा किल्ला नीट बघायचा असेल तर
पावसाळा सोडून जा, तेव्हा होड्या बंद असतात. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी पकडा आणि पुढं बसा, कारण मेन दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही, हल्ला करणाऱ्यांची पण तीच गोची व्हायची. दरवाज्याजवळचं शिल्प बघा, वाघासारखा प्राणी, पंजात हत्ती अन् शेपटीत पण हत्ती, इथं राज्य करणाऱ्या सिद्द्यांचा माज कळतो! गाईड पळवतात, पळू नका. कलालबांगडी तोफेपेक्षा मला गोड्या पाण्याचं तळं भारी वाटतं, चहूकडे खारट समुद्र आणि आत प्यायचं पाणी, मग वेढा घालून काय होणार? तटावरून पद्मदुर्ग किल्ला शोधा, शिवाजी महाराजांनी सिद्दीवर वचक ठेवायला बांधलेला. संभाजी महाराजांनी १६८२च्या सुमारास किल्ल्यापर्यंत पोचायला समुद्रात भराव टाकायला घेतला, तरी किल्ला सिद्द्यांकडेच राहिला, थेट १९४८ला संस्थान विलीन होईपर्यंत.