घरी बनवलेल्या शिरस्त्राणाला पोलादी रंग कसा द्यावा

शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी ईव्हीए फोमचे (रबरासारख्या मऊ, हलक्या फोमच्या तक्त्यांचे) शिरस्त्राण घरी कापून चिकटवणे आता पुष्कळांना जमते. मात्र त्यावर थेट चंदेरी स्प्रे मारला, की मेहनतीने घडवलेली वस्तू मिठाईच्या वर्खात गुंडाळल्यासारखी दिसू लागते. वापरातले पोलाद चंदेरी नसून करड्या रंगाचे असते, त्याच्या खाचांत काळपटपणा साचलेला असतो आणि सतत हात किंवा कापड घासले जाते त्या कडाच तेवढ्या उजळ असतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील किंवा पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील जुनी शस्त्रे या दृष्टीने निरखून पाहिल्यास रंग कोठे गडद आणि कोठे उजळ ठेवायचा, हे आपोआप कळते.

सर्वाधिक वेळ पृष्ठभागाच्या तयारीला द्यावा, कारण धातूच्या रंगातील अ‍ॅल्युमिनियमचे सूक्ष्म कण गुळगुळीत जागीच सपाट बसतात आणि तेव्हाच प्रकाश एकसारखा परततो. प्रथम हीट गन सतत फिरती ठेवून फोमवरून गरम हवा न्यावी. फोमची छिद्रे मिटून त्यावर किंचित तकाकी आली, की तेथेच थांबावे, अन्यथा फोम आकसतो. केस वाळवण्याच्या यंत्राची उष्णता या कामाला सहसा पुरत नाही. जोडांच्या फटींत लवचिक अ‍ॅक्रिलिक सीलंट ओल्या बोटाने भरावे. भिंतीची पुट्टी येथे वापरू नये, कारण फोम वाकताच तिला तडे जातात. त्यानंतर पांढऱ्या फेव्हिकॉलमध्ये थोडे पाणी मिसळून तीन-चार पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा. शिरस्त्राण कागदाच्या लगद्याचे असेल तर मात्र पुट्टी चालते. ती आधी १२० आणि मग २२०, ४०० अशा चढत्या क्रमांकाच्या पॉलिश पेपरने घासावी. थर्माकोलवर साधा स्प्रे कधीही थेट मारू नये, कारण त्यातील द्रावकाने थर्माकोल विरघळतो.

आता संपूर्ण शिरस्त्राणाला चकचकीत काळा रंग द्यावा. धातूच्या थराला खोली येते ती या काळ्या अस्तरामुळे, म्हणून ही पायरी गाळू नये. डबा एक-दोन मिनिटे हलवून २० ते २५ सेंटिमीटर अंतरावरून फवारावा. फवारा वस्तूच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवावा, म्हणजे ओघळ येत नाहीत. काम मोकळ्या हवेत, रासायनिक वाफा अडवणारा मास्क लावून करावे. कापडी मास्क या वाफा अडवत नाही. पावसाळ्यातील दमट हवेत रंगावर पांढुरका झाक येण्याची शक्यता असल्याने कोरडा दिवस निवडलेला बरा.

काळा रंग पक्का वाळल्यावर पोलादाचा थर देण्याचे दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग म्हणजे गनमेटल, म्हणजे गडद करड्या धातूच्या छटेच्या स्प्रेचे दोन विरळ हात. दुसऱ्या मार्गात बारीक ग्राफाइट पूड मऊ कापडावर घेऊन काळ्या पृष्ठभागावर गोलाकार घासत जायचे असते. हात काळे होतात आणि वेळही बराच जातो, परंतु जो थंड, करडा, खऱ्या लोखंडाच्या जवळ जाणारा उजाळा यातून मिळतो, तो माझ्या मते बाजारातल्या बहुतेक डब्यांतून मिळत नाही.

यानंतर काळा आणि गडद तपकिरी अ‍ॅक्रिलिक रंग पाण्यात चांगला पातळ करून खाचांत, खिळ्यांभोवती आणि नाकावरच्या पट्टीच्या जोडात सोडावा व उंच भागांवरून ओल्या कापडाने लगेच पुसून घ्यावा. ग्राफाइट वापरले असेल तर ते पुसले जाऊ नये म्हणून आधी पारदर्शक वार्निशचा एक हात द्यावा. शेवटी चपट्या ब्रशवर अगदी थोडा चंदेरी रंग घेऊन, तो कागदावर जवळजवळ पुसून टाकून, ब्रश केवळ कडांवरून फिरवावा. मिरवणुकीत लोक दुरून पाहतात, त्यामुळे गडद-उजळातला फरक थोडा वाढवून ठेवावा. जवळून छायाचित्रे काढायची असतील तर तो आवरता घ्यावा. गंजासाठी स्पंजने बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाचे ठिपके पाणी साचेल अशा जागीच द्यावेत. सगळीकडे गंज दाखवला तर ते शिरस्त्राण भंगारातून आणल्यासारखे दिसते.

पोलादावर सोन्याची तार ठोकून केलेल्या कोफ्तगरीची नक्कल करायची असल्यास वेलबुट्टी बारीक ब्रशने सोनेरी रंगात काढावी, मात्र त्या रंगात थोडा तपकिरी मिसळावा, म्हणजे त्याचा भडकपणा जातो.

अखेरचा संरक्षक थर अर्धचकाकीच्या पारदर्शक वार्निशचा असावा. वार्निशने धातूची चमक थोडी मंदावते, म्हणून ते आधी फोमच्या रंगवलेल्या तुकड्यावर लावून पाहावे. घामाने फेव्हिकॉलचा थर सैल होऊ नये यासाठी आतून सुती अस्तर लावावे. रंगाचा वास जाण्यासाठी शिरस्त्राण वापरण्यापूर्वी दोन-तीन दिवस उघड्यावर सावलीत ठेवावे. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ते ठेवू नये, कारण तेथील उष्णतेने फोमचे चिकटवलेले जोड सुटतात.